चंदनाचा पाळणा

लाकूड बघायला या, एवढाच निरोप होता.

शहादेव मिस्त्री पाटोद्याचा. बसस्थानकामागे त्याचं पत्र्याचं दुकान. रोजचं काम दारं-खिडक्यांचं, पण त्याचा खरा हात नक्षीचा. विहारातली सागवानी बुद्धमूर्ती त्यानंच कोरलेली, आणि ती बघायला बीडपासून माणसं यायची. त्यामुळे शिरूर कासारच्या पलीकडच्या एका वाडीतून मोहनरावांचं बोलावणं आलं तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. त्यानं पिशवीत टेप आणि पटाशी टाकली, बायकोला, मालनबाईला, "सांजच्याला येतो" म्हणून सांगितलं आणि सकाळच्या एसटीत बसला.

ऊसतोडीचे दिवस होते. अर्धीअधिक वाडी कोयते घेऊन कारखान्यांवर गेलेली. घराघराला कुलूप, ओट्यांवर धूळ, एखादं म्हातारं माणूस उन्हात पाय पसरून बसलेलं. शहादेवच्या वहाणांचा आवाज त्यालाच मोठा वाटू लागला.

मोहनरावांचं स्लॅबचं घर वाडीच्या शेवटाला होतं. मोहनराव जमीनजुमल्याचे धनी, राजकारणातले, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेले. मुलगा तानाजी मुकादम, तो टोळी घेऊन कर्नाटकात गेलेला. घरात उरले होते मोहनराव, त्यांची बायको छबुबाई, आणि दिवस भरत आलेली सून वैष्णवी.

"या, मिस्त्री. लाकूड शेडात हाय," मोहनराव म्हणाले. "पाळना करायचा. नातवंड येनार हाय."

ट्रॅक्टरच्या शेडमध्ये गोणपाटाखाली ओंडके रचलेले होते. गोणपाट उचललं आणि वास आला. शहादेव दोन पावलं मागे सरला.

चंदन.

आपल्या जिल्ह्यात चंदनाचं नाव काढलं की माणसाला आधी चोर आठवतो. शहादेवलाही तोच आठवला. त्यानं सरळ विचारलं, "परवानगी हाय का हो?"

"वनखात्याची हाय. आपल्याच रानातलं झाड हाय, माज्या आज्याच्या वेळचं. चोरीचा माल घरात घीन का मी?"

मोहनरावांनी कागद आणून दाखवला. शिक्का होता, सही होती. शहादेवनं मान हलवली, तरी मनातला संशय हलला नाही.

त्यानं एका ओंडक्यावर पटाशी लावून ढलपी काढली. बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचं होतं. ते वाळवी खाते, त्याचा काही उपयोग नसतो. खरं चंदन म्हणजे आतला गाभा, पिवळसर, तेलकट. ह्या झाडाचा गाभा मांडीएवढा भरला होता. एवढा गाभा शहादेवनं जन्मात पाहिला नव्हता. चंदनाचा पोत इतका बारीक असतो की नखाएवढ्या जागेत आख्खी वेल कोरता येते. सावलीत, टोकांना शेण लिंपून हळूहळू वाळवलं तर ते तडकत नाही, वाकत नाही. अंगचंच तेल असल्यानं पॉलिश लागत नाही, हातानं घासून घासून चकाकतं. किडा जवळ फिरकत नाही. पेटी केली तर आजीच्या लुगड्यांचा वास नातीला येतो. पटाशी कुठंही न अडखळता फिरली आणि शहादेवच्या हातांना कामाची हाव सुटली. हे त्यानं पुढे स्वतःच मालनबाईला सांगितलं.

तरी तो म्हणाला, "झाड हुतं कुठं? जागा दावा मला. त्याबिगर लाकडाचा सोभाव कळत न्हाई."

मोहनराव जरा थांबले. मग चालू लागले.

रानाच्या कोपऱ्यात बुंधा होता. त्याच्या भोवती एक कडुनिंब, दोन बोरी, लिंबोणीची चार-दोन झाडं, सगळी उभ्या उभ्या वाळलेली. पान नाही, साल नाही, एखादं घरटंसुद्धा नाही. पलीकडे तूर डोलत होती, पण बुंध्याभोवतीचं रान पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं बोडकं.

"हे कशानं वाळलं?"

"वाळवी."

शहादेवनं कडुनिंबाच्या खोडाजवळ जाऊन पाहिलं. वाळवी लागली की खोडावर मातीची नळी चढते. इथं नळी नव्हती. त्यानं बोटानं टिचकी मारली, आणि झाड रिकाम्या डब्यासारखं वाजलं.

"वाळवी न्हाई ही, मोहनराव. औषिद टाकलं का कुनी?"

"कोन टाकील? मिस्त्री, चंदन हाय ते. शेजाऱ्याचं खातंच."

ते खोटं नव्हतं. चंदन एकट्याच्या जोरावर वाढत नाही. त्याच्या मुळ्या जमिनीखाली शेजारच्या झाडाच्या मुळ्यांना तोंड लावतात आणि त्यांच्यातलं ओढून घेतात. म्हणून तर चंदन लावणारे शेजारी तूर लावतात, शेवगा लावतात. पण शेजारी खाल्ला तरी थोडाफार उरतो. हे असं सगळं चाटूनपुसून खाल्लेलं त्यानं पाहिलं नव्हतं. शिवाय मोहनराव बोलताना त्याच्याकडे पाहत नव्हते. काहीतरी दडवतात, असं त्याच्या मनानं घेतलं. इथं काही पुरलंय का? कुणाला? त्यानं बुंध्याभोवती नजर फिरवली. माती कुठंच उकरलेली नव्हती.

काम त्यानं घेतलं. हाताची हाव.

लाकूड सावलीत वाळून तयार होतं. रोज सकाळी तो एसटीनं यायचा, शेडमध्ये काम करायचा, उन्हं उतरली की परत जायचा. करवतीचा भुसा पिवळा पडायचा, त्यात हात घातला की कोमट लागायचा. थंडीचे दिवस, शेडमध्ये ऊन येत नव्हतं. करवत तापते तसा भुसा तापला असेल, असं तो म्हणायचा. पण दुपारी जेवून आल्यावरही भुसा तसाच कोमट असायचा.

छबुबाई चहा घेऊन यायच्या. ग्लास लांब ठेवायच्या, आणि तिथूनच लाकडाकडे बघत राहायच्या.

एकदा शहादेव सहज म्हणाला, "वहिनी, एवढं पिढ्यान्‌पिढ्याचं झाड. तोडायचं कुनाच्या मनात आलं?"

"ह्यांच्याच. मला काय इचारतेत व्हय कधी?"

त्यानं मोहनरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "सूनबाईला डोहाळा लागला. चंदनाच्या पाळन्याचा."

वैष्णवी ढलप्या वेचायला शेडमध्ये आली. साड्यांच्या कपाटात ठेवायला हव्या होत्या. हसरी, मोकळ्या मनाची पोर. शहादेवनं तिला विचारलं, तेव्हा तिचं हसू मावळलं.

"माझा डोहाळा? काका, मला तर ह्या वासानं मळमळतं. आत्याबाईच म्हणल्या होत्या ना तोडायचं?"

म्हणजे कुणाच्याच मनात नव्हतं, आणि झाड तर तुटलं होतं. मग शहादेवला स्वतःचाच राग आला. माणसं खोटं बोलतात, त्यात नवल काय? तिघांपैकी कोणीतरी खोटं बोलत होतं, एवढंच.

पाळणा झाला तेव्हा वाडीत उरलेली माणसं बघायला आली. बाजूच्या दांड्यांवर पिंपळपानं, वर मोरांची जोडी. शहादेवनं तो एकट्यानं उचलून कड्यांना अडकवला. चंदन वजनदार खरं, पण पाळणा आटोपशीर होता. मोहनरावांनी त्याला फेटा बांधला.

पुढे वैष्णवीला मुलगी झाली. मोहनरावांनी आपल्या आईचं नाव ठेवलं, मनकर्णा. पेढे पाटोद्याला पोचले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोहनरावांचा फोन आला. आवाज चिडलेला होता. "मिस्त्री, काय लाकूड जोडलं तुमी? छताचं कडं वाकलं. या अन् बघा."

शहादेव गेला. दार छबुबाईंनी उघडलं, आणि त्या आधी त्याच्या हातांकडे पाहत राहिल्या.

"काय घातलं तुमी त्यात?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"कशात?"

"पाळन्यात. पोर वाळत चाललीय माजी."

आतल्या खोलीत पाळणा लोंबत होता. छताचं लोखंडी कडं खरंच खाली ओढलं गेलं होतं, आणि स्लॅबला केसासारखी चीर पडली होती. शहादेवनं पाळण्याखाली हात घालून उचलायला पाहिलं. हलला नाही. मोहनराव मदतीला आले. दोघांनी जोर लावला, तेव्हा कुठं तो वीतभर उचलला.

लाकूड वाळतं तसं हलकं होतं. सुतारकामात येणारं पोरगंसुद्धा हे पहिल्या दिवशी शिकतं. वाळत गेलेलं लाकूड जड होतंय, हे शहादेवनं ऐकलंसुद्धा नव्हतं.

"हा माजा पाळना न्हाई," तो म्हणाला. "बदलला कुनी."

"कोन बदलील? मोर तुमचेच हायेत ना?"

मोर त्याचेच होते. डाव्या मोराच्या चोचीत त्याच्या पटाशीची चूक होती, ती तिथंच होती. आणि वास... वास इतका दाट झाला होता की घशात उतरत होता.

मनकर्णा पाळण्यात होती. रडत नव्हती. डोळे उघडे, अंगाला सुरकुत्या पडलेल्या, हात वाळक्या काड्यांसारखे.

"डागदरला दावलं का?"

"बीडला दावलं. म्हनले, सगळं नीट हाय, दूध कमी पडतंय," छबुबाई म्हणाल्या आणि सुनेकडे तिरपं बघितलं. "आईलाच दूध न्हाई, तर लेकराचं काय?"

वैष्णवी कोपऱ्यात बसली होती. ती खाली बघून म्हणाली, "दूध येतंय मला. पिते ती. पोटभर पिते... मग जातं कुठं?"

त्या घरात प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता, हे शहादेवला तेव्हा जाणवलं. सासूचा संशय सुनेवर, सुनेचा सासूवर, मोहनरावांचा मिस्त्रीवर. आणि त्याचा? त्याचा सगळ्यांवर. फक्त पाळण्याकडे कुणी संशयानं बघत नव्हतं. तो मधोमध लोंबत होता आणि खोली सुगंधानं भरली होती.

"लेकराला उचल, पोरी," तो वैष्णवीला म्हणाला. "तळ बघतो."

वैष्णवीनं बाळाखाली हात घातले. उचलताना एक बारीक आवाज आला, चिकटलेलं कापड सोलावं तसा. मनकर्णा पहिल्यांदा कण्हली. तिच्या पाठीवर, झबल्याच्या पातळ कापडातून, सुईनं टोचावं तसे लाल ठिपके उमटले होते.

शहादेवनं खालची दुपटी ओढली. ती निघेनात. तळाच्या फळीला धरून बसली होती. त्यानं जोर लावला, आणि मग त्याला दिसलं. फळीतून केसांहून बारीक, पांढरे धागे वर आले होते, दुपट्यांच्या थरांतून आरपार. तुटले की त्यांच्या टोकांना ओल दिसत होती.

तो विहारात जाणारा माणूस, भूतखेत, नजर-मूठ यांना हसणारा. वाडीवस्तीवर कुणाच्या अंगात आलं की लोक त्याला मुद्दाम बोलवायचे, हा येऊन समजावील म्हणून.

"मोहनराव," तो म्हणाला, "लेकरू ह्यात ठिऊ नका."

"कावून?"

"कावून ते मला सांगता यीना. ठिऊ नका."

मोहनरावांचा चेहरा लाल झाला. "मिस्त्री, तुमी लोक तर असल्या गोष्टी मानत न्हाई म्हनता. अन् आता काम बिघडलं, तर लाकडाला भूत लागलं व्हय?"

"भूत म्हनलो न्हाई मी. ते धागे बघा तुमी."

"बुरशी हाय ती! ओलं लाकूड वापरलं तुमी, दुसरं काय!" मोहनरावांनी हात झटकला. "अख्ख्या जिल्ह्यात चंदनाचा पाळना न्हाई. आमदारांपासून सगळे बघून गेले. तो हितून हलनार न्हाई. कडं तेवढं नीट करा."

आणि ते जेवून दुपारच्या झोपेला माडीवर गेले. छबुबाई कुणाच्या तरी बारशाला गेल्या. शहादेव ओट्यावर बसून राहिला. वाडीत चिटपाखरू नव्हतं. एसटीला वेळ होता. जावं का? तो खरंच उठला होता, पायात वहाणा होत्या, हे त्यानं कधी लपवलं नाही.

मागून वैष्णवी आली. बाळ छातीशी धरलेलं.

"काका, मांडीवर घेतली की रडते. पाळण्यात ठेवली की गप होते. आत्ता बघा..."

मनकर्णाचे दोन्ही हात आतल्या खोलीकडे पसरलेले होते. तान्हं लेकरू, मान धरत नाही अजून, आणि हात सरळ, ताठ.

"काय करायचं?" वैष्णवी म्हणाली. आणि मग, फार हळू, "कुऱ्हाड मागच्या पडवीत आहे."

शहादेवनं तिच्याकडे बघितलं. "सासरे बोलतील."

"बोलू द्या. मारू द्या. माझी पोर आहे."

ती बाळाला घेऊन अंगणात उभी राहिली. शहादेव आत गेला. ज्या हातांनी मोर कोरले होते त्याच हातांनी त्यानं पहिला घाव घातला. चंदनाचा गाभा कठीण असतो, घाव टणकन परत येतो. पण हा घाव मऊ गेला, फळात जावा तसा. कापातून पांढरं पाणी सुटलं आणि त्याच्या मनगटावर ओघळलं. कोमट.

त्यानं मनगट नाकाशी नेलं. चंदनाचा वास नव्हता.

दुधाचा होता.

त्यापुढे तो थांबला नाही. कड्या तुटल्या, पाळणा फरशीवर आपटला, सारं घर हादरलं. मोहनराव माडीवरून धावत उतरले, दारात येऊन ओरडायला तोंड उघडलं, आणि ओरडले नाहीत. फरशीवर पांढरं तळं साचत होतं. ते वाहत त्यांच्या पायापर्यंत आलं. मोहनरावांनी वाकून बोट बुडवलं, वास घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"सूनबाई खरं बोलत हुती," एवढंच म्हणाले.

बऱ्याच वेळानं त्यांनीच उठून गोवऱ्या काढल्या. तुकडे सगळ्यांनी मिळून अंगणात रचले, रॉकेल ओतलं. चंदन जळलं की गावभर सुवास जातो. इथं दूध उतू गेल्यावर चुलीवर जो करपट वास येतो तो सुटला, आणि दिवस मावळेपर्यंत हटला नाही. छबुबाई परतल्या तेव्हा वेशीपासूनच ओरडत आल्या, "कुनाचं दूध उतू गेलं गं?"

मनकर्णा त्या दुपारी खूप रडली. संध्याकाळी प्यायली, आणि आईच्या मांडीवर झोपली. महिन्याभरात तिच्या अंगावर मांस आलं. बीडच्या डॉक्टरांनी शाबासकी दिली. छबुबाईंनी सुनेला जवळ घेतलं, असं शहादेवच्या कानावर आलं. बुंधा मोहनरावांनी जेसीबी लावून मुळांसकट उपटून जाळला. मुळ्या किती लांब निघाल्या, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

शहादेव पुन्हा दारं-खिडक्या करू लागला. सागाचं काम आलं की घ्यायचा. चंदनाचा तुकडा कुणी नुसता दाखवायला आणला तरी हात मागे घ्यायचा.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात वैष्णवी आपणहून पाटोद्याला आली, तानाजीच्या मोटरसायकलवर. मनकर्णा आता चालत होती, बोबडं बोलत होती. गुटगुटीत, काळ्याभोर डोळ्यांची. मालनबाईनं तिला भाकरीचा पापुद्रा दिला, वैष्णवीला बळेच जेवायला बसवलं. तानाजी बाजारात गेला. घरात गप्पा, हसणं, पंख्याची घरघर. शहादेवला बरं वाटलं. इतकं बरं त्याला वर्षभरात वाटलं नव्हतं.

"शांत हाय ना आता?" त्यानं विचारलं.

"लई शांत, काका. त्रास म्हणून काही नाही. फक्त..." वैष्णवीनं घास खाली ठेवला. "पलंगावर झोपत नाही. गोधडीवर नाही, फरशीवरसुद्धा नाही. मातीतच झोपते. आत्याबाई म्हणतात, शेतकऱ्याची पोर आहे, झोपू द्या."

"कुठंय ती?"

दोघी इकडेतिकडे बघू लागल्या. शहादेव उठून मागच्या अंगणात गेला.

ऐन मे महिना. पाटोद्यात टँकर चालू होते. अंगणातली माती भाजून पिठासारखी झालेली. तिथं उन्हातच मनकर्णा पालथी झोपली होती, गाल जमिनीला लावून. गाढ झोपेत, चेहऱ्यावर समाधान. दोन्ही हात पुढे पसरलेले, आणि दहाही बोटं पेरांपर्यंत मातीत गेलेली.

शहादेवनं तिला हाक मारली. मग वाकून काखेत हात घातले आणि उचललं. ती सहज आली नाही. जमिनीनं हात धरून ठेवावेत तसे ते ताणले गेले, आणि मग एकेक बोट सुटत गेलं.

ती जागी झाली नाही. त्याच्या खांद्यावर मान टाकून तशीच झोपली. त्यानं तिचे हात धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतले.

तिच्या नखांत माती होती. ओली, काळी, खोलवरची माती.

"सापडली का हो?" आतून मालनबाईनं विचारलं.

"सापडली," शहादेव म्हणाला, आणि पायानं ती दहा भोकं बुजवू लागला.